कोऱ्या सातबाऱ्यावर सही

माझा राग मेमरी मॅपिंगवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर 'तुम्हाला परफॉर्मन्सचं वावडं आहे' म्हणत कोणीतरी अंगावर येईल. ग्राफिक्स कार्ड, कॅमेरा, नेटवर्क कार्ड यांच्याशी बोलणारा प्रोग्रॅम प्रत्येक बाइटसाठी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, दारात हात जोडून उभा राहिला तर काम उरकणार नाही, एवढं मलाही कळतं. माझं पोटच त्यावर चालतं. पुण्यात बसून लोकांच्या बोर्डांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहायचे आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासायचे, हा माझा धंदा. राग आहे तो एका ठरावीक खोडीवर. युजर प्रोग्रॅम येतो, फिजिकल मेमरीतला पत्ता आपणच सांगतो, 'इथपासून इतकं द्या' म्हणतो, आणि ड्रायव्हर काही न विचारता देऊन मोकळा होतो. तलाठ्याने गट नंबरची जागा कोरी सोडून सातबाऱ्यावर सही-शिक्का मारावा आणि म्हणावं, नंबर तुमचा तुम्हीच भरा, तसला हा कारभार.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. तुमच्या फोनमधल्या कुठल्याही ॲपला दिसणारे मेमरीचे पत्ते खरे नसतात. प्रोसेसर प्रत्येक पत्ता एका तक्त्यात शोधतो आणि तिथून खऱ्या, म्हणजे फिजिकल जागेवर जातो. या तक्त्याला पेज टेबल म्हणतात. मेमरीचे साधारण ४ केबीचे तुकडे, प्रत्येक तुकड्याची एक नोंद, आणि नोंदीत काही बिट्स: हा तुकडा युजरला दिसावा का, त्यावर लिहिता यावं का, त्यातला मजकूर प्रोग्रॅम म्हणून चालवता यावा का. इंटेलच्या घराण्यात ही पेजिंगची सोय १९८५ च्या ८०३८६ पासून आहे. पासवर्ड, फाइलींच्या परवानग्या, ॲपला ॲपपासून वेगळं ठेवणारी भिंत, अँटिव्हायरस, हे सगळं शेवटी या तक्त्याच्या भरवशावर उभं आहे. आणि तो तक्ता स्वतः कुठे असतो? त्याच रॅममध्ये. ज्याला फिजिकल मेमरी हवी तिथे उघडता येते त्याला तो तक्ताही उघडता येतो. मग परवानगीचा बिट त्याच्या हातात आणि परवानगी देणारा कर्नलही.

हे गुपित नाही. युनिक्समध्ये /डेव्ह/मेम नावाची फाइल पहिल्यापासून होती. ती उघडली की अख्खी फिजिकल मेमरी समोर. चालू प्रोसेसची यादी दाखवणारी पीएस ही साधी कमांडसुद्धा एके काळी अशाच फाइलींतून कर्नलच्या पोटात डोकावून ती यादी काढायची. तेव्हा मशीन खोलीत कुलूपबंद असायचं आणि वापरणारे एकमेकांना ओळखायचे, म्हणून खपून गेलं. २००१ मध्ये फ्रॅक मासिकात दोघांनी तिच्या भावंडातून, म्हणजे कर्नलची मेमरी दाखवणाऱ्या /डेव्ह/केमेममधून, कर्नल मॉड्यूल न चढवता, चालू कर्नलच बदलणारं रूटकिट कसं लिहायचं ते छापून दाखवलं. लिनक्समध्ये /डेव्ह/मेमला लगाम घालण्याचा पर्याय आला २००८ मध्ये, आणि /डेव्ह/केमेम कायमची काढून टाकली २०२१ मध्ये. वीस वर्षं! या मंडळींच्या घाईला दाद द्यावी तेवढी थोडी.

पण /डेव्ह/मेम निदान रूटसाठीच, म्हणजे मशिनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठीच, होती. खरा तमाशा सुरू झाला तो कंपन्यांनी आपापल्या खासगी /डेव्ह/मेम काढल्या तेव्हा. डिसेंबर २०१२ मध्ये उघडकीला आलं की सॅमसंगच्या एक्सिनॉस ४२१० आणि ४४१२ या चिपांच्या फोनमध्ये, म्हणजे गॅलक्सी एस २, एस ३, नोट २ या त्या काळच्या ऐटदार फोनमध्ये, /डेव्ह/एक्सिनॉस-मेम नावाची एक फाइल आहे. काम तेच, फिजिकल मेमरी मॅप करून द्यायची. आणि तिच्या परवानग्या? सगळ्यांना वाचा, सगळ्यांना लिहा. रूट नको, खास परवानगी नको, विजेरीचं फुकट ॲप टाका आणि फोनची सगळी मेमरी त्याच्या ताटात. जो नमुना-हल्ला प्रसिद्ध झाला तो वाचताना मला हसावं की रडावं कळेना, इतका तो सरळ होता. आधी कर्नलच्या जागेत पत्ते लपवणारा एक फॉरमॅट शोधायचा आणि त्यातलं एक अक्षर खोडायचं, म्हणजे कर्नल आपल्या फंक्शनांचे पत्ते आपणहून सांगू लागतो. मग सेटरेसयूआयडी या फंक्शनमध्ये जायचं आणि परवानगी तपासणाऱ्या सूचनेत शून्याशी तुलना आहे तिथे एकाशी करायची. झालं, तुम्ही रूट. ना कसली बफर ओव्हरफ्लोची कसरत, ना रात्रीची जागरणं.

हे दार ठेवलं कशाला होतं, तर कॅमेरा आणि ग्राफिक्सच्या लायब्रऱ्यांना सोयीचं जावं म्हणून. शहाण्या लोकांनी त्या फाइलची परवानगी बंद करून पाहिली, तर काही फोनांचा कॅमेराच चालेना. म्हणजे कॅमेऱ्याच्या चार बफरांसाठी कोणीतरी सगळं घर उघडं टाकलं होतं, आणि ते बंद केलं की सेल्फी बंद. दुरुस्ती पुढच्या महिन्यापासून फोनांवर पोचू लागली. ज्याने ती परवानगीची ओळ लिहिली त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल, याची मला उत्सुकता आहे. बहुधा काहीच नाही. तो तोवर एस ४ च्या डेडलाइनमध्ये असणार.

त्याला एकट्याला तरी का झोडा? ही ओळ माझ्या टेबलावर आजही येते. चिप बनवणाऱ्या कुठल्यातरी कंपनीकडून बोर्डाबरोबर कोड येतो, त्यात एखादी 'अमुक-मेम' फाइल असते, परवानगी ६६६, म्हणजे सगळ्यांना वाचा-लिहा. मी रिव्ह्यूमध्ये लाल शेरा मारतो. उत्तर ठरलेलं: "सर, ते व्हेंडरकडूनच तसं आलंय." बरं, मग आपण बदलू. "सर, शुक्रवारी डेमो आहे." बरं, डेमोनंतर बदलू. "सर, क्लायंटने ॲप्रूव्ह केलंय, आता हात लावला तर परत टेस्टिंग." आणि मग ते अमर वाक्य: "चालतंय ना, मग कशाला?" हे वाक्य उच्चारायला दर महिन्याला पगार मिळतो, हे या उद्योगाचं वैभव.

आता कोडकडे वळू, कारण पाप तिथे अगदी जवळून दिसतं. लिनक्समध्ये ड्रायव्हरला फिजिकल पानं युजरच्या पत्त्यांवर बसवायची असतील तर रीमॅप-पीएफएन-रेंज नावाचं फंक्शन आहे. त्याला सांगायचं: युजरच्या या पत्त्यावर, या क्रमांकाच्या फिजिकल पानापासून, इतक्या लांबीचं बसव. फंक्शन आज्ञाधारक आहे. पान कोणाचं, हे ते विचारत नाही. ते विचारणं ड्रायव्हरचं काम. दुसरीकडे युजर प्रोग्रॅम एममॅप या हाकेने मेमरी मागताना एक ऑफसेट, म्हणजे कुठपासून हवं तो आकडा, देतो, आणि तो ड्रायव्हरला पानांच्या हिशेबात मिळतो. दोन्ही आकडे हाताशी, दोन्ही पानांच्याच हिशेबात. युजरचा ऑफसेट उचलून थेट फिजिकल पानाचा क्रमांक म्हणून घुसवायचा मोह इथेच होतो. एका ओळीत काम फत्ते.

ही ओळ कुठून आली तेही सांगतो. 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' हे कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांचं पुस्तक. तिसरी आवृत्ती २००५ ची. माझी पिढी ड्रायव्हर यावरच शिकली, आणि पुस्तक उत्तमच आहे. त्यात मेमरी मॅपिंगच्या प्रकरणात पहिलं उदाहरण नेमकं हेच करतं: युजरचा ऑफसेट तोच फिजिकल पानाचा क्रमांक. शिकवण्यापुरतं उदाहरण, नावच 'सिंपल'. थोड्या पुढे लेखकांनी आपल्या उपकरणापुरता तुकडा कसा द्यायचा आणि लांबी कशी तपासायची ते दाखवलंय. पण पुढचं पान उलटायला वेळ कोणाला? पहिलं उदाहरण कंपाइल होतं, चालतं, मग तेच जगभर गेलं. आणि पुढच्या उदाहरणातही एक मेख आहे. उरलेली जागा काढायला ते एकूण आकारातून ऑफसेट वजा करतं, आणि दोन्ही आकडे चिन्हविरहित. ऑफसेटच आकारापेक्षा मोठा दिला तर वजाबाकी उणे होत नाही, फिरून अवाढव्य होते, आणि 'मागितलेली लांबी उरलेल्या जागेत मावते का' ही तपासणी हसतमुखाने होकार देते.

याचंच भावंड लिनक्सच्या अधिकृत कोडमध्ये कित्येक वर्षं बसलं होतं. यूएसबीवरून जादा मॉनिटर जोडायचा यूडीएल नावाचा ड्रायव्हर. त्यात तपासणी होती, नाही असं नाही: ऑफसेट अधिक लांबी ही बफरपेक्षा मोठी असेल तर नकार. शाळकरी पोरालाही बरोबर वाटेल. पण ऑफसेट ६४ बिटांच्या टोकाला नेऊन ठेवला की बेरीज मर्यादा ओलांडते, वरचा हातचा गळून पडतो आणि उत्तर येतं लहानसं. नकार मिळत नाही आणि कर्नलची पानं वाचायला-लिहायला मोकळी होतात. कर्नल ३.४ पासून ४.१५ पर्यंत हे असंच होतं. २०१८ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी दाखवल्यावर दुरुस्त झालं. दुरुस्ती किती मोठी? आधी ऑफसेट एकटा तपासा, आणि मगच आकारातून ऑफसेट वजा करून उरलेल्या जागेशी लांबी ताडून बघा. बेरीज करूच नका. चार ओळी.

बरं, ही चार ओळींची मेहनतही नको म्हणून लायनस टोरवाल्ड्सने त्याआधीच, २०१३ मध्ये, व्हीएम-आयओमॅप-मेमरी हे तयार फंक्शन कर्नलमध्ये घातलं. ड्रायव्हरने फक्त आपल्या तुकड्याची सुरुवात आणि लांबी सांगायची; युजरचा ऑफसेट, बेरीज, वजाबाकी, सगळ्याची झाडाझडती ते फंक्शन घेतं. लिहायला उलट कमी. तरीही माझ्याकडे आजही नवा कोरा ड्रायव्हर येतो तो रीमॅप-पीएफएन-रेंजची जुनी ओळ घेऊनच. पुस्तक न वाचणारे लोक पुस्तकातला कोड मात्र पिढ्यानपिढ्या जपतात.

विंडोजवाल्यांनी इथे गालात हसू नये. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये, विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून, फिजिकल मेमरी उघडून देणारं आपलं जुनं ऑब्जेक्ट युजर प्रोग्रॅमांना बंद केलं. ॲडमिनिस्ट्रेटर असलात तरी नाही. छान! पुढचं दार असं भक्कम लावून घेतल्यावर मागून हार्डवेअर कंपन्या रांगेने आल्या आणि प्रत्येकीने आपापला बोगदा खणला: पंख्याचा वेग दाखवायला, कार्डाचा क्लॉक वाढवायला, कीबोर्डचे रंगीत दिवे बदलायला. या ड्रायव्हरांना पत्ता द्या, मेमरी घ्या. वर रीतसर डिजिटल सही. २०१९ मध्ये एक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी किमान वीस कंपन्यांचे असे चाळीसहून अधिक ड्रायव्हर दाखवून दिले.

गुन्हेगारांना यापेक्षा जास्त काय हवं? गिगाबाइटच्या जीड्राइव्ह नावाच्या ड्रायव्हरमध्ये अशी भोकं असल्याचं संशोधकांनी २०१८ मध्ये जाहीर केलं. त्याआधी कंपनीने त्यांना कळवलं होतं की आमच्या उत्पादनांना हे लागू नाही. २०२० मध्ये रॉबिनहूड या खंडणीखोर टोळीने तोच ड्रायव्हर आपल्याबरोबर आणून बळीच्या मशिनवर चढवला. सही वैध, त्यामुळे विंडोजने अदबीने आत घेतलं. मग त्याच्या भोकातून कर्नलमधली सहीची तपासणीच बंद केली, आपला बिनसहीचा ड्रायव्हर आत घेतला आणि अँटिव्हायरस मारला. २०२२ मध्ये ब्लॅकबाइट या दुसऱ्या टोळीने हाच खेळ एमएसआय आफ्टरबर्नरच्या आरटीकोअर६४ वर खेळला. घातक ड्रायव्हरांची काळी यादी मायक्रोसॉफ्टकडे होती, पण विंडोज १० च्या मशिनांवर ती जवळपास तीन वर्षं नवी होऊन पोचतच नव्हती, हेही त्याच वर्षी कळलं.

हल्लेखोर बाजूला ठेवा. कोणी वाकडं बघणारा नसला तरी ही सवय काम बिघडवतेच. एका क्लायंटचा कॅमेरा बोर्ड आमच्याकडे आला. तक्रार अशी की चित्रात मधूनच आडव्या बारीक रेघा दिसतात. ग्रे रंगाचं चित्र, एका पिक्सेलला एक बाइट. रेघा मोजल्या तर प्रत्येक बरोबर ६४ पिक्सेलची किंवा तिच्या पटीतली, आणि तिच्यात आधीच्या फ्रेमचा मजकूर. ६४ बाइट म्हणजे त्या प्रोसेसरची एक कॅश लाइन, रॅममधल्या मजकुराची प्रत तो आपल्याजवळ ज्या तुकड्यांत ठेवतो त्यातला एक. कॅमेरा थेट रॅममध्ये लिहीत होता, आणि क्लायंटच्या मंडळींनी तीच पानं युजर प्रोग्रॅमला कॅश चालू ठेवून मॅप करून दिली होती, सिंक करण्याची भानगड न ठेवता. प्रोग्रॅम वाचत होता ते कॅशमधलं शिळं. एकच फिजिकल पान दोन ठिकाणी दोन वेगळ्या कॅश-धोरणांनी मॅप केलं की काय होईल याची हमी प्रोसेसरची मॅन्युअलंही देत नाहीत. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी यावर उपाय केला होता: प्रत्येक फ्रेमनंतर पाच मिलिसेकंद झोप. रेघा कमी झाल्या होत्या. कोडमध्ये कॉमेंट होती, 'डू नॉट रिमूव्ह'.

आणि दिलेली मेमरी परत कधी घ्यायची? याचा विचार तर देणारा करतच नाही. ड्रायव्हरने पान सोडलं, कर्नलने ते दुसऱ्याला दिलं, पण युजर प्रोग्रॅमच्या तक्त्यातली जुनी नोंद तशीच राहिली, की पान नव्या मालकाचं आणि चावी जुन्याकडे. नोव्हेंबर २०२२ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झिरोने एआरएमच्या माली ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या पाच दोषांबद्दल लिहिलं, त्यातले तीन याच जातीचे होते आणि एक युजरला फिजिकल पत्ते दाखवून टाकणारा. एआरएमने जुलै-ऑगस्टमध्येच दुरुस्ती दिली होती. ते लिहीपर्यंत पिक्सेल, सॅमसंग, शाओमी, ओप्पो यांतल्या एकाच्याही फोनवर ती पोचली नव्हती. दोष शोधणारे ज्या कंपनीचे, पिक्सेलही त्याच कंपनीचा, हे लक्षात घ्या.

मग करायचं काय, असं विचारणारे भेटतात, आणि त्यांचा सूर असा असतो की जणू पर्यायच नाही. पर्याय जुनेपुराणे आहेत. लिनक्समध्ये यूआयओ २००७ पासून आहे. त्यात युजर प्रोग्रॅम पत्ता सांगतच नाही. ड्रायव्हरने आधी जाहीर केलेल्या तुकड्यांपैकी कितवा हवा तेवढा क्रमांक सांगतो. मला हवं ते सगळं या एका रचनेत आहे. यूआयओचं एक अंग दुबळं आहे, तेही सांगतो: उपकरणाचे रजिस्टर युजरच्या हातात दिले आणि ते उपकरण स्वतःहून मेमरीत लिहू शकणारं असलं, तर युजर रजिस्टरमध्ये हवा तो पत्ता टाकून उपकरणाकडून तिथे लिहून घेऊ शकतो. तुम्ही पेज टेबल कितीही राखा, उपकरण त्या तक्त्यातून जातच नाही. म्हणून २०१२ मध्ये व्हीएफआयओ आलं. ते उपकरणांसाठी वेगळा तक्ता असलेल्या आयओएमएमयूच्या आधाराने उपकरणालाही कुंपण घालतं. नेटवर्क कार्डं पूर्ण वेगाने युजर प्रोग्रॅममधून चालवणारे लोक आज हेच वापरतात. म्हणजे परफॉर्मन्सची सबब इथे संपली.

कॉलेजांत मात्र याचा पत्ता नसतो. फायनल इयरचे प्रोजेक्ट बघायला गेलो की रास्पबेरी पायवर एलईडी लावणारा कोड हमखास दिसतो: सुडोने रूट व्हा, /डेव्ह/मेम उघडा, कुठल्या तरी वेबसाइटवरून उचललेला पत्ता भरा. पहिल्या पायवर तो हेक्समध्ये २००००००० होता, दुसऱ्यावर ३एफ०००००० झाला, चौथ्यावर एफई०००००० झाला, आणि पाचव्यात पिनाच वेगळ्या चिपवर गेल्या. पोरं रात्रभर डोकं फोडतात की जुना कोड नव्या बोर्डावर का चालत नाही. फक्त पिनांपुरती मेमरी देणारी, सुडोशिवाय चालणारी /डेव्ह/जीपीआयओमेम २०१५ पासून तिथेच, त्याच बोर्डावर आहे. पोरांना मी दोष देत नाही. मार्गदर्शक म्हणून ज्यांची सही त्या रिपोर्टवर असते त्यांना देतो.

तिकडे विंडोजवर, मार्च २०२५ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने विनरिंग० या ड्रायव्हरला हॅकटूल ठरवून अडवायला सुरुवात केली. पंखे, तापमान, रंगीत दिवे सांभाळणाऱ्या ढीगभर प्रोग्रॅमांच्या पोटात हाच ड्रायव्हर बसलेला. साध्या युजरलाही हवी ती मेमरी वाचू-लिहू देतो, हे २०२० पासून दोषांच्या अधिकृत यादीत नोंदलेलं. एवढा वेळ मिळूनही बहुतेकांनी तो बदलला नव्हता. त्या आठवड्यात लोकांचे पंखे भलत्या वेगाने फिरू लागले, दिवे गेले, आणि जिकडेतिकडे आरडाओरडा सुरू झाला. शिव्या डिफेंडरला. उपाय म्हणून जो तो दुसऱ्याला सांगत होता की ड्रायव्हरला अपवादाच्या यादीत टाका, काही होत नाही.